भागलं तर स्वभाव, गुणलं तर राग

गल्लीत त्या दोघांना कुणी नावानं हाक मारत नसे. काका दुकानातून बाहेर पडले की समोरचा शिंपी म्हणायचा, "व्होल्ट निघाले." मागून कुलूप लावून काकू आल्या की म्हणायचा, "अँपिअरही निघाले. आता उजेड पडणार!" पस्तीस वर्षांत हा विनोद इतका झिजला होता की त्यावर कुणी हसत नसे. पण तो केल्याशिवाय शिंप्याला करमत नसे आणि ऐकल्याशिवाय काकूंना.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी काकूंची बैठक, पुढ्यात हातानं फिरवायचं यंत्र, त्यावर सळई आणि सळईवर नायक्रोमच्या तारेचे वेढे. भट्टी, इस्त्री, पाण्याची टाकी, कपडे वाळवायचं कपाट, जिथं जिथं तार लाल होऊन ऊब देते, तिथली कॉइल इथं गुंडाळली जायची. आतल्या भिंतीला लांब फळी होती आणि फळीच्या दोन टोकांना दोन मीटर. अलीकडचा धारा, म्हणजे अँपिअर दाखवायचा, तो काकूंचा. पलीकडचा दाब, म्हणजे व्होल्ट दाखवायचा, तो काकांचा. मध्ये नऊ पावलं. कॉइल फळीवर जोडायची, दहा मिनिटं लाल होऊ द्यायची, तार पुरती तापली की दोघांनी एकाच क्षणी आपापला काटा वाचायचा.

"दाब?"

"दोनशे अठ्ठावीस."

"चार पॉइंट एकतीस."

"ठोक."

मग काकू पितळेच्या पट्टीवर आकड्यांचे ठसे धरून हातोडी मारायच्या. पट्टीवर दोनच आकडे, दाब आणि धारा. वॅट कधीच नाही.

गिऱ्हाइकं कुरकुरायची. "अहो काका, वॅट लिहा की सरळ. आम्ही काय पाढे म्हणत बसायचं?"

"दोन आकडे दिलेत ना? भागा आणि गुणा," काका म्हणायचे. "दाबाला धारेनं भागलं की रोध निघतो. म्हणजे तार किती अडवते ते. तो तिचा स्वभाव, तो घेऊनच ती इथून जाते. दाब आणि धारा गुणले की वॅट. तो तिचा राग. भागलं तर स्वभाव, गुणलं तर राग. आता राग काय एकट्या तारेचा असतो? मागून दाब किती येतो त्यावर तो ठरतो. माझ्याकडं हजार दिसेल, तुमच्याकडं बाराशे होईल. दुसऱ्याच्या घरातला राग मी इथं बसून कसा ठोकू?"

"काकू, मग तुमचा स्वभाव किती ओहमचा?"

"ह्यांना विचारा," काकू मान वर न करता म्हणायच्या. "पस्तीस वर्षं भागतायत, अजून बाकी उरतेच आहे."

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वीज म्हणजे बटण एवढंच माहीत होतं. गुंडाळायला मात्र त्यांची बोटं अशी बसली, की वर्षभरात काकांनी यंत्रच त्यांच्या स्वाधीन केलं आणि स्वतः पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. "हात तुझे, हिशेब माझा," ते म्हणाले होते.

काकांचे डोळे जातायत हे काकूंना एका दुपारी कळलं, तेही काटा न हलल्यामुळं. कॉइल लाल झाली होती. काकूंनी विचारलं, "दाब?" तिकडून तडक उत्तर आलं, "दोनशे तीस." काकूंनी सहज पलीकडं पाहिलं. काकांच्या मीटरची तार सुटून लोंबत होती. काटा शून्यावर निजलेला. आणि काका त्याच्यासमोर ताठ बसून, डोळे बारीक करून, गंभीर चेहऱ्यानं पुन्हा म्हणाले, "दोनशे तीस. ठोक."

काकू उठल्या. "पाणी आणते," म्हणाल्या. जाता जाता त्यांनी तार जोडली, काटा वर चढताना पाहिला, दोनशे सव्वीसवर थांबला. पाणी आणलं. पट्टीवर दोनशे सव्वीस ठोकलं.

तिथं त्यांची चूक झाली. काकांना सवय होती, पट्टी गार झाली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा. त्या संध्याकाळीही त्यांनी फिरवला. दोन. दोन. सहा. अंगठा सहावर थबकला, परत मागं गेला, परत आला. रात्री काका ताटावर बसले आणि तसेच उठले. त्या दिवसानंतर "हिशेब माझा" हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

काकूंनी मग युक्ती काढली. गल्लीच्या टोकाला लाकडं कापायचा कारखाना होता. दुपारी त्याची मोठी करवत सुरू झाली की अख्ख्या गल्लीचा दाब बसायचा. सकाळी मात्र दाब नीट असायचा, दोनशे तीस म्हणजे दोनशे तीसच. "अहो, आपण तपासणी सकाळीच उरकत जाऊ," काकू म्हणाल्या. "दुपारी फार उकडतं." काकांनी मान हलवली. त्यांना कळलं का? कळलं असणार. पस्तीस वर्षं एका फळीवर बसलेल्या माणसाला उकाड्याचं कारण पटेल, इतके काही ते भोळे नव्हते. पण सकाळी ते "दोनशे तीस" म्हणायचे, आणि सकाळी ते खरं असायचं. असे आठ महिने गेले.

एकदाच ते साधलं नाही. इस्पितळातून निरोप आला, चादरी वाळवायच्या कपाटाची कॉइल गेलीय, वॉर्डात कोरडी चादर नाही, आजच्या आज द्या. काकूंनी गुंडाळायला घेतली आणि जोडेपर्यंत दुपारचे दोन वाजले. करवत कोकलत होती. फळीवरचा बल्ब पिवळा पडला होता, आजाऱ्याच्या डोळ्यासारखा. काकूंनी तो पाहिला.

कॉइल हजार वॅटची हवी होती. दोनशे तीसला चार पॉइंट पस्तीस. काटा कमी दाखवत होता. आखूड तार कमी अडवते, म्हणून त्यांनी ती थोडी कापली. तरी कमी. आणखी कापली. काटा बरोबर चार पॉइंट पस्तीसवर आला.

"दाब?" त्यांनी विचारलं.

"दोनशे तीस," काका म्हणाले.

नऊ पावलं होती. पाणी आणते म्हणायचं, एवढंच होतं. पण पाहिलं असतं तर खरं ठोकावं लागलं असतं. आणि ठोकलं असतं तर संध्याकाळी अंगठा फिरला असता. काकू उठल्या नाहीत.

"ठोकू?" त्यांनी विचारलं.

"ठोक."

महिनाभरानं, जेवताना, काकांनी एकदम विचारलं, "ती इस्पितळाची कॉइल गं. त्या दिवशी बल्ब कसा होता?"

"होता की नेहमीसारखा," काकू म्हणाल्या आणि आमटी वाढली. "का हो?"

"काही नाही."

पुढच्या महिन्यात काका गेले. झोपेत, कुणाला काही न विचारता.

*

काका जाऊन तीन महिने झाले आणि इस्पितळाच्या त्या कपाटानं पेट घेतला. माणूस दगावलं नाही. पण आतल्या जळत्या चादरी ओढून काढताना लॉन्ड्रीतल्या बाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. चौकशी लागली तेव्हा कॉइल करणारी म्हणून काकूंनाही बोलावणं आलं.

इस्पितळाच्या कार्यालयात लांब टेबल होतं. टेबलामागं मोठे साहेब, शेजारी विजेचे साहेब, आणि समोर स्टुलावर लॉन्ड्रीवाली, हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत.

विजेच्या साहेबांनी काजळलेली पितळी पट्टी पुसली. "दोनशे तीस. चार पॉइंट पस्तीस." कागदावर गुणाकार केला. "हजार वॅट. कपाट हजाराचंच आहे. कॉइल बरोबर आहे, साहेब."

"म्हणजे मग भरण्यात घोळ," मोठे साहेब म्हणाले. "किती चादरी कोंबल्या होत्यास?"

"बारा. रोज बाराच भरते."

"बारा भरल्या असत्या तर पेटलं नसतं."

"साहेब, ती नवी तार बसवल्यापासून पत्रा भाजत होता. आधीची तार तांबडी दिसायची, ही नारिंगी—"

"पट्टीवर काय लिहिलंय ते ऐकलंस ना?" मोठे साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी कागद पुढं ओढला. "हिला कामावरून काढायचा आदेश सोमवारपर्यंत निघेल. तुम्ही जाऊ शकता, काकू. तुमच्यावर काही नाही."

काकूंच्या छातीवरचा धोंडा उतरला. हो, उतरला. आणि तो उतरल्याची त्यांना अशी लाज वाटली, की उठता उठता त्या परत बसल्या.

"ती जळकी कॉइल मला द्याल का? दोन दिवस."

"कशाला?" विजेचे साहेब म्हणाले. "तुम्ही तर सुटलात."

"तार माझी आहे. बघते."

*

"आई, तू सुटली आहेस," लेक म्हणाली. ती मुद्दाम रजा काढून आली होती आणि दुकानात काकांच्या खुर्चीत न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आता ही भानगड कशाला उकरतेस?"

तुटलेल्या तारेची दोन टोकं काकूंनी एका स्क्रूखाली आवळली आणि कॉइल फळीवर जोडली. होरपळली तरी तार आपला स्वभाव फारसा सोडत नाही. दहा मिनिटांनी त्यांनी आपला काटा वाचला, लगबगीनं नऊ पावलं गेल्या, तिकडचा वाचला, परत आल्या. तेवढ्यात काटा सरकलेला. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. चौथ्या खेपेला दोन्ही काटे जागेवर सापडले.

दोनशे आठ. चार पॉइंट शहात्तर.

काकूंनी पाटीवर भागाकार मांडला. पेन्सिल सावकाश फिरली. त्रेपन्न यायला हवे होते. आले पावणेचव्वेचाळीस, त्यातही किंचित कमी. तार आखूड होती. मग तोच आकडा त्यांनी पट्टीवरच्या चार पॉइंट पस्तीसनं गुणला.

"काय आलं?" लेकीला राहवलं नाही.

"एकशे नव्वद."

"म्हणजे?"

"त्या दुपारी दाब एकशे नव्वद होता. ह्यांनी दोनशे तीस सांगितला आणि मी ठोकला. तिकडं इस्पितळात खरेच दोनशे तीस मिळाले. पावणेचव्वेचाळीसचा स्वभाव, वर दोनशे तीसचा दाब. बाराशे दहा वॅट झाले. हजाराच्या पत्र्यात बाराशे."

लेक आत आली. आवाज खाली आला. "हे कुणाला कळणार आहे? तुला आणि मला. आई, बाबांनी आपलं दिसत नाही हे शेजारच्या शिंप्याला कळू दिलं नाही. आणि तू भर कार्यालयात सांगणार? माणूस गेल्यावर त्याची अब्रू काढणार?"

"अब्रू."

"नाहीतर काय! बाबांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे. एवढंच तर मागं राहिलंय त्यांचं."

"तेच तर," काकू म्हणाल्या. "त्यांचा आकडा खोटा राहू देऊ?"

लेक रडायला लागली होती, पण वाद सोडायला तयार नव्हती. "त्या बाईला तिथून काढलं तर दुसरीकडं लागेल कामाला. धुणं-वाळवणं कुठंही मिळतं."

"कुठल्या हातांनी?" काकूंनी विचारलं.

करवत चालू होती. फळीवरचा बल्ब हळूहळू पिवळा पडत गेला.

*

सोमवारी काकू परत त्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. कॉइल, पट्टी आणि गणिताची पाटी मांडली. विजेच्या साहेबांनी गणित एकदा वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बरोबर आहे हे. तुमचा दाबाचा मीटर बिघडला असेल त्या दिवशी. होतं असं. तसं लिहून द्या, विषय मिटेल. तुमच्यावरही नको, हिच्यावरही नको."

किती सोपं होतं! लोखंडाच्या डबीवर ढकलायचं. डबी कुठं भांडायला येतेय? काकूंनी क्षणभर ते मनात म्हणूनही पाहिलं, मीटर बिघडला होता. वाक्य चांगलं बसत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मीटर चांगला आहे, अजून चालतो. वाचणाऱ्याचे डोळे गेले होते. माझ्या मिस्टरांचे. मला ते आठ महिने माहीत होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी सकाळचं मोजायचे, तेव्हा दाब बरोबर असतो. त्या दिवशी दुपार होती. बल्ब पिवळा मी पाहिला, मीटर पाहिला नाही. ज्यांना दिसत नव्हतं ते चुकले नाहीत, साहेब. जिला दिसत होतं, ती चुकली. हिच्या बारा चादरी बाराच होत्या."

मोठ्या साहेबांनी पाटी बाजूला सरकवली. "असं असेल, तर तुम्हाला पुढं काम देणं आम्हाला..."

"समजलं," काकू म्हणाल्या.

"एक कॉइल मात्र लागेल," विजेचे साहेब मध्येच म्हणाले. "नवं कपाट आलंय. काकूच करतील ती, साहेब. पण इथं, आपल्या दाबावर, माझ्यासमोर."

बाहेर व्हरांड्यात लॉन्ड्रीवाली भिंतीशी उभी होती. काकूंना वाटलं, ही आता शिव्या देईल, आणि द्याव्यातच. ती म्हणाली, "मी फोन केला होता काकांना."

"कधी?"

"तार बसवल्यावर महिन्यानं. म्हटलं, काका, पत्रा फार भाजतोय. त्यांनी विचारलं, तार कशी दिसते? म्हटलं, नारिंगी. मग कितीतरी वेळ गप्पच. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, घरात एक विचारतो आणि सांगतो." तिनं पट्ट्यांतले हात थोडे वर धरले, दुखत असावेत. "दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाले, विचारलं, सगळं ठीक होतं."

काकूंना आमटीचं पातेलं आठवलं. वाढायचा डाव आठवला. होता की नेहमीसारखा. त्यांनी व्हरांड्याच्या कठड्याला धरलं, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

"त्यांनी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मला. मी खोटं बोलले."

लॉन्ड्रीवालीनं माफ केलं असं नाही. नाही केलं असंही नाही. "बसा जरा," एवढंच म्हणाली, आणि पायानं स्टूल पुढं सरकवलं.

*

पुढचे आठ दिवस काकूंनी हातात दोन मीटर घेऊन पायपीट केली. त्या आठ महिन्यांत दोनशे तीस ठोकलेल्या नऊ पट्ट्या आणखी होत्या. कुठली कुठं गेली हे त्यांना पाठ होतं. पाव भाजणारा, इस्त्रीवाला, शाळेची पाण्याची टाकी. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: "ह्यांना शेवटी दिसत नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं. मोजून घेते." पाववाल्यानं दारातूनच विचारलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही काय अंदाजावर पाव भाजत होतो?" शाळेच्या शिपायानं चहा दिला. नऊच्या नऊ बरोबर निघाल्या, सगळ्या सकाळच्या. शेवटची मोजून झाल्यावर काकू तिथंच पायरीवर बसल्या. आठ महिन्यांत काकांचा आकडा नऊ वेळा खरा होता. दहाव्यांदाही तो त्यांच्या परीनं खराच होता. त्याला खोटं पाडलं होतं ते फक्त एकटीनं, काकूंनी स्वतः.

नवी कॉइल इस्पितळाच्या वाळवणघरात जोडली. विजेचे साहेब बटणाशी उभे राहिले. धारेचा मीटर काकूंपुढं, दाबाचा भिंतीपाशी, आणि त्याच्यापुढं कोण बसणार हा प्रश्न आला तेव्हा लॉन्ड्रीवाली म्हणाली, "हातच बांधलेत, डोळे नाहीत." तिला बसवलं. काटा कसा वाचायचा ते काकूंनी दाखवलं.

दहा मिनिटं झाली. तार तांबडी झाली, नारिंगी नाही.

"दाब?" काकूंनी विचारलं. हा शब्द त्यांनी काका गेल्यापासून कुणाला विचारला नव्हता.

"दोनशे... थांबा. हलतोय."

काकू थांबल्या.

"थांबा अजून. एकोणतीस... नाही. एकतीस. दोनशे एकतीस. आता हलत नाही."

"चार पॉइंट सदतीस," काकू म्हणाल्या. मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि वाकून तिचा मीटर पाहिला.

"विश्वास नाही होय माझ्यावर?"

"आहे," काकू म्हणाल्या. "तू पण माझा बघून ये."

लॉन्ड्रीवाली उठली, गेली, काट्यावर नाक टेकवून पाहून आली. "चार आणि वर... हां, सदतीस."

काकूंनी मनात भागलं. त्रेपन्नाला केसभर कमी. गुणलं. हजाराच्या नऊच वर. पितळेची पट्टी ऐरणीवर ठेवली, दोनाचा ठसा धरला, हातोडी उचलली, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "ठोकू?"

विचारलं कुणाला होतं, ते त्यांनाच ठाऊक. उत्तर भिंतीपासून आलं.

"ठोका की."